एक आज्ञा आणि चार नौका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत, १९ डिसेंबर ह्या गोवा मुक्तिदिनी, कॅम्प-१ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील ह्या व्याख्यानमालेचे एक पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य कार्यवाहांनी माझ्यावरच सोपविले होते. आजची तारीख १९ डिसेंबर. १९६१ साली ह्याच दिवशी गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. तेव्हा त्या मुक्तीतील एक प्रकरण, म्हणजे मुरगाव बंदरात १८ डिसेंबरच्या दुपारी झालेली आरमारी लढाई, आपल्यापुढे मांडावे असे मी ठरविले.

भिलाईत बसून समुद्रावरच्या लढाईची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. येथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र गाठायला आगगाडीत रात्र काढावी लागते, आणि आपल्या मुलाबाळांना खाऱ्या वाऱ्याचा वास मिळतो तो सुटीत कोकणात कोणाकडे गेले तरच. परंतु हा विषय मला जवळचा वाटतो तो समुद्रामुळे नव्हे. माझे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत गेले. आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य कारखान्याच्या शिस्तीत गेले. आपण सारे आज्ञा पाळणारी आणि प्रसंगी आज्ञा देणारी माणसे आहोत. ‘वरून हुकूम आहे’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आणि किती वेळा उच्चारले, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मुरगावच्या लढाईत ह्या वाक्याची कसोटी लागली होती. ती कशी लागली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्क ह्याने गोवा जिंकला आणि तेथून ४५१ वर्षे तो पोर्तुगीजांकडे राहिला. १९४७ साली इंग्रज गेले, १९५४ साली फ्रेंचांनी पाँडिचेरीचा ताबा सोडला. पोर्तुगाल मात्र हटेना. तेथील हुकूमशहा सालाझार ह्यांचे म्हणणे असे की, गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे. १९५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. पहिल्या तुकडीचे नेतृत्व सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे ह्यांनी केले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. ज्या घरांत त्या काळची वर्तमानपत्रे वाचली जात होती, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे मी सांगावयास नको. पुढे सहा वर्षे वाटाघाटींच्या प्रयत्नांत गेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ ह्या प्रवासी बोटीवर गोळीबार केला, आणि दिल्लीचा धीर सुटला. १७ डिसेंबरच्या रात्री ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले.

आता ती आज्ञा. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझार ह्यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल मान्युएल वासालो ई सिल्वा ह्यांना संदेश पाठविला. त्याचा आशय असा होता की, शरणागतीचा विचारही होता कामा नये. पोर्तुगीज कैदी असणार नाहीत. नौकाही शरण जाणार नाहीत. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील, नाही तर मरतील. निदान आठ दिवस टिकून राहावे, म्हणजे तेवढ्या अवधीत जगातील मित्रराष्ट्रांकरवी भारतावर दबाव आणता येईल, असा लिस्बनचा हिशेब होता. मागे हटताना महत्त्वाच्या गोष्टी नष्ट कराव्यात, अशीही योजना होती.

ही आज्ञा ज्यांनी पाळावयाची त्यांची स्थिती काय होती? सुमारे साडेतीन हजार सैनिक, जुनी हत्यारे, लढाऊ विमान एकही नाही. आरमार म्हणाल तर गोवा, दमण आणि दीव मिळून एक जुनी युद्धनौका आणि तीन लहान गस्ती नौका. समोर भारताचे तिन्ही दलांचे सैन्य. आठ दिवस टिकणे शक्य नाही, हे लिस्बनमध्ये बसलेल्या माणसाला कळत नसेल, पण मुरगावच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसत होते. आज्ञा देणारा दूर असतो आणि पाळणारा जागेवर असतो. साऱ्या अडचणीचे मूळ तेथे आहे.

त्या चार नौकांतील मोठी होती ती ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. गोवा जिंकणाऱ्या माणसाचेच नाव तिला दिलेले होते. येथे दोन शब्द नौकांच्या जातींविषयी सांगतो, कारण वर्तमानपत्रांत हे शब्द सरमिसळ वापरले जातात. वेगवान, भरपूर तोफा वा क्षेपणास्त्रे वाहणारी आणि ताफ्याबरोबर खोल समुद्रात लढणारी ती विनाशिका. तिच्याहून सामान्यतः काहीशी लहान, रखवालीची आणि पाणबुड्यांच्या शोधाची कामे करणारी ती फ्रिगेट. ‘अफोन्सो’ ही पोर्तुगीज भाषेत ‘अव्हिसो’ म्हणविली जाणारी, दूरच्या वसाहतींच्या पहाऱ्यासाठी बांधलेली नौका होती. इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या गोदीत ती १९३४ साली पाण्यात उतरली. १२० मिलिमीटरच्या चार तोफा आणि ताशी २१ सागरी मैलांचा वेग हे तिचे बळ. १९६१ साली तिचे वय सत्तावीस वर्षांचे होते, म्हणजे युद्धनौकेच्या दृष्टीने म्हातारपणच.

ह्या नौकेचा पूर्वेतिहास मोठा विलक्षण आहे. ८ सप्टेंबर १९३६ रोजी लिस्बनमध्ये तेजो नदीत तिच्या खलाशांनी बंड केले. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. तेथील प्रजासत्ताकाच्या बाजूला जावे असा त्यांचा बेत होता. ‘दाओ’ नावाची एक विनाशिकाही त्यांना सामील झाली. सालाझार ह्यांनी स्वतःच्याच किल्ल्यांना स्वतःच्याच नौकांवर तोफा डागण्याचा हुकूम दिला. नौका रुतल्या, काही खलाशी मारले गेले, आणि पुष्कळांना केप व्हर्दे बेटांवरील ताराफाल येथील छळछावणीत धाडण्यात आले. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘नोव्हा स्कोशिया’ ही ब्रिटिश बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. तिच्यावर इटालियन बंदिवान होते. शेकडो माणसे बुडाली. परंतु ह्याच ‘अफोन्सो’ने तेथे जाऊन पावणेदोनशेहून अधिक जीव पाण्यातून वर काढले. ज्या नौकेवर एकदा आज्ञाभंगासाठी तोफा डागल्या गेल्या, जिने एकदा परक्यांचे प्राण वाचविले, तीच आता मुरगावच्या बंदरात नांगर टाकून उभी होती.

भारताच्या आरमारी पथकाचे नेतृत्व रिअर अॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण ह्यांच्याकडे होते. हे मराठी नाव पुढच्याच वर्षी भारतीय नौदलाच्या प्रमुखपदी गेले. मुरगावचे काम ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ ह्या दोन फ्रिगेटांकडे आणि त्यांच्या साथीला असलेल्या ‘कावेरी’कडे होते. ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ दोन्ही १९६० साली नौदलात दाखल झालेल्या, अगदी नव्या. ‘बेतवा’चे कप्तान होते कमांडर रुस्तम गांधी. प्रत्येक फ्रिगेटवर साडेचार इंची चार तोफा होत्या.

मुरगावचा भूगोल डोळ्यांपुढे आणा. झुआरी नदी समुद्राला मिळते तेथे दक्षिणेला मुरगावचे टोक, उत्तरेला दोना पावला, आणि त्याच्या आतल्या अंगाला बांबोळीचा किनारा. ह्या मुखाच्या आत ‘अफोन्सो’ उभी होती. भारतीय विमानांनी गोव्यातील आकाशवाणी केंद्र निकामी केल्यामुळे लिस्बनशी संपर्क राखण्याचे कामही तिच्याच बिनतारी यंत्रावर आले होते.

१८ डिसेंबरच्या सकाळी नऊच्या सुमारास भारतीय नौका बंदराबाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि हुकुमाची वाट पाहू लागल्या. दुपारी बाराला परवानगी आली. ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ पुढे सरकल्या. तोफा सुरू झाल्या, आणि तोफांच्या दोन फैरींच्या मध्ये मोर्सच्या खुणांनी शरण येण्याची सूचनाही दिली जात होती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गोळा आणि निरोप दोन्ही एकाच वेळी जात होते.

‘अफोन्सो’चे कप्तान आंतोनियो द कुन्या आरागाओ ह्यांनी नांगर उचलला आणि नौका शत्रूच्या दिशेने वळवून तोफांनी उत्तर दिले. परंतु अरुंद जागेत तिला हालचाल करता येईना. तिच्या जुन्या तोफा मिनिटाला दोनच गोळे टाकीत. भारतीय फ्रिगेटांच्या तोफा त्याच्या कित्येक पट वेगाने डागत होत्या. पोर्तुगीज वृत्तांतात दिलेल्या वेळा अशा आहेत: १२ वाजून १५ मिनिटांनी तोफांच्या नियंत्रण मनोऱ्यावर गोळा बसला. १२ वाजून २५ मिनिटांनी एक गोळा नौकेच्या बरोबर माथ्यावर फुटला. बिनतारी यंत्रावरचा माणूस ठार झाला आणि कप्तान आरागाओ गंभीर जखमी झाले. त्यांच्या जागी दुय्यम अधिकारी पिंतो द क्रूझ ह्यांनी सूत्रे घेतली. नौकेची यंत्रणाही लंगडी झाली होती. आणखी दहा मिनिटांनी त्यांनी नौका वळवून बांबोळीच्या किनाऱ्याला वाळूत घातली.

ह्या गडबडीत एक प्रसंग घडला. कप्तानाच्या हुकुमाविरुद्ध, संदेश विभागाच्या एका सार्जंटच्या सांगण्यावरून पांढरे निशाण चढविले गेले. पण वाऱ्याने ते डोलकाठीलाच गुंडाळले गेले. भारतीय नौकांना ते दिसलेच नाही आणि मारा चालू राहिला. निशाण लागलीच उतरविण्यात आले. एका कापडाच्या तुकड्याला वारा लागला असता तर त्या दुपारचा शेवट काही मिनिटे आधी झाला असता. अखेर बारा पन्नासच्या सुमारास नौका सोडण्याचा हुकूम निघाला. तोवर तिने सुमारे ४०० गोळे झाडले होते, असे पोर्तुगीज सांगतात. एकच्या पुढे उरलेल्या लोकांनी जखमी कप्तानाला किनाऱ्यावर उतरविले आणि नौकेला आग लावली. साऱ्या लढाईला सव्वा तास लागला.

पुढे कप्तान आरागाओ पणजीच्या इस्पितळात असताना ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ ह्या दोन्ही नौकांचे कप्तान त्यांना भेटावयास गेले. काल ज्याच्यावर तोफ डागली त्याच्या खाटेशी आज जाऊन उभे राहणे, ही जुन्या दर्यावर्दी लोकांची रीत आहे. आमच्या नौदलाने ती त्या वेळी पाळली, ह्याचा मला विजयाइतकाच अभिमान वाटतो.

आता उरलेल्या तीन नौका पाहू. गोव्यातच ‘सिरियस’ नावाची लहान गस्ती नौका होती. ‘अफोन्सो’ किनाऱ्याला लागल्याचे तिच्या कप्तानाने पाहिले. वरिष्ठांशी संपर्क तुटलेला. त्याने पंखे मोडून नौका खडकावर घालून निकामी केली. तिचे आठ खलाशी एका ग्रीक मालवाहू बोटीवर चढले आणि पाकिस्तानात पोहोचले. नौका शत्रूच्या हाती पडली नाही आणि माणसेही मेली नाहीत.

दीवला ‘वेगा’ होती. तिच्यावर २० मिलिमीटरची एकच तोफ. तिचा कप्तान ऑलिव्हेरा ई कार्मो हा पंचविशीतला तरुण. मरावयाचेच आहे तर इतमामाने मरावे म्हणून त्याने समारंभाचा पांढरा पोशाख अंगावर चढविला, असे पोर्तुगीज वृत्तांतात सांगतात. त्याने आपली नौका भारतीय विमानांच्या समोर नेली. तो मेला, आणि तोफेवर असलेला खलाशीही मेला.

दमणला ‘अंतारेस’ होती. बाहेर पडून लढावे असा तिला हुकूम होता. १८ तारखेचा सारा दिवस ती जागेवर राहिली, डोळ्यांदेखत विमानांचे हल्ले आणि जमिनीवरची चाल पाहत. संध्याकाळी किनाऱ्याशी संपर्क तुटला. सर्व काही संपले हे ओळखून कप्तानाने नौका काढली आणि सुमारे ८५० किलोमीटर समुद्र चुकवीत २० तारखेच्या रात्री कराची गाठली.

आज्ञा एकच होती. एकीने ती शक्य तेवढी पाळली आणि मग माणसे किनाऱ्यावर उतरविली. एकीने नौका मारून माणसे वाचविली. एकीने ती शब्दशः पाळली. एक निघून गेली. सालाझार ह्यांच्या हिशेबात ह्यांतील फक्त ‘वेगा’च उत्तीर्ण ठरत होती.

आणि पाचवे उत्तर गव्हर्नर जनरलांचे. त्यांची वागणूक लढाई सुरू होण्यापूर्वीच दिसून आली होती. ९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला जाणारी ‘इंडिया’ ही प्रवासी बोट मुरगावला लागली. कोणालाही चढू देऊ नये असे लिस्बनचे फर्मान होते. बोटीत ३८० उतारूंची सोय. वासालो ई सिल्वा ह्यांनी सुमारे ७०० पोर्तुगीज नागरिकांना चढू दिले. माणसे जागा मिळेल तेथे, अगदी न्हाणीघरांतसुद्धा दाटीने बसली, आणि १२ डिसेंबरला बोट सुटली. बायकामुले सुरक्षित करावयाची हा त्यांचा पहिला आज्ञाभंग. दुसरा १९ डिसेंबरचा. त्या दिवशी सकाळीच ब्रिगेडियर सगत सिंग ह्यांच्या तुकड्या पणजीत शिरल्या होत्या. आणखी लढून काही साधणार नाही, केवळ माणसे मरतील आणि गावे उद्ध्वस्त होतील, हे पाहून रात्री साडेआठला त्यांनी शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. गोव्यातील देवळे, चर्चे, घरे आणि बाजार उभे राहिले. आज आपण सहकुटुंब गोव्याला जातो तेव्हा जे पाहतो, त्यातील काही अंश त्या एका सहीमुळे उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या आठ दिवसांच्या हिशेबाचे काय झाले? त्याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये त्याच चोवीस तासांत मिळाले. सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान ह्यांनी मांडलेला, भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. परंतु त्या चारांत सोव्हिएत रशिया होता आणि त्याच्या नकाराधिकाराने ठराव पडला. भिलाईकरांना हे सांगताना वेगळे वाटते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी ज्या देशाशी आपल्या कारखान्याचा करार झाला, तोच हा देश. आपल्या वसाहतीत रशियन अभियंते राहत होते त्याच काळात त्यांच्या प्रतिनिधीचा हात तेथे वर झाला. आठ दिवस तग धरला असता तरी सालाझार ह्यांच्या हाती काही लागले नसते. ज्या हिशेबावर माणसांनी मरावयाचे होते तो हिशेबच चुकीचा होता.

आपल्या बाजूची किंमत मात्र विसरता कामा नये. अंजदीव बेटावर ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ ह्या नौकांवरून खलाशांची तुकडी उतरली. भारतीय वृत्तांत असा की, आधी पांढरे निशाण दिसले आणि मग गोळीबार झाला. सात भारतीय खलाशी तेथे पडले. मुरगावला निशाण वाऱ्याने गुंडाळले गेले म्हणून दिसले नाही, आणि अंजदीवला दिसले ते खरे निघाले नाही. शरणागतीच्या खुणेवर विश्वास ठेवता आला पाहिजे, ह्यावर युद्धातसुद्धा किती प्राण अवलंबून असतात, हे ह्या दोन प्रसंगांवरून कळते.

बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज्ञा ही प्रत्येकाने आपापल्या मर्जीने पाळावयाची वा मोडावयाची वस्तू ठरली, तर सैन्य चालणार नाही, रेल्वे चालणार नाही, आपली झोतभट्टीही चालणार नाही. मी स्वतः शिस्तीचा पक्षपाती आहे. शिवाय आपण एक प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा: आपल्याच एखाद्या अधिकाऱ्याने असे ठाणे सोडले असते, तर आपण त्याची वाहवा केली असती काय? शत्रूच्या आज्ञाभंगाचे कौतुक करणे सोपे असते. म्हणून निकष असा हवा, जो आपल्याला आणि परक्याला सारखाच लागू पडेल.

तो निकष शोधताना मला दीवचाच समुद्र आठवतो. ‘वेगा’ बुडाली त्यानंतर दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच दीवच्या समुद्रात आपली ‘खुक्री’ ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांनी इतरांना नौका सोडावयास सांगितले आणि स्वतः नौकेबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवला ‘खुक्री’चे स्मारक आहे. आता कार्मो आणि मुल्ला ह्या दोघांना शेजारी ठेवून पाहा. दोघेही शूर, त्याबद्दल वाद नाही. मुल्लांनी मरणाची आज्ञा फक्त स्वतःला दिली. माणसांना त्यांनी जगण्याची आज्ञा दिली. कार्मोच्या निश्चयाची किंमत तोफेवरच्या खलाशानेही मोजली.

माझ्या अल्पमतीप्रमाणे निकष हा आहे. आपल्या निश्चयाचे, मग तो आज्ञा पाळण्याचा असो वा मोडण्याचा, मोल कोण चुकविणार? ते आपण स्वतः चुकविणार असू तर त्याला शौर्य म्हणावे. ते दुसऱ्याच्या पोराबाळांकडून वसूल होणार असेल, तर थांबून विचार करावा, मग हुकूम कितीही वरून आलेला असो.

ह्या निकषाला एक उपकलम जोडतो. सरकारी माणूस आहे, सवय जात नाही. ज्याने आज्ञा मोडावयाची त्याने आपली सही करावी. आमच्या कार्यालयांतून पुष्कळ आज्ञा निमूटपणे मोडल्या जातात. फाईल पडून राहते, कागद सापडत नाही, साहेब दौऱ्यावर असतात. हा आज्ञाभंग नव्हे, ही चुकवेगिरी आहे, कारण तिच्याखाली कोणाचेच नाव नसते. वासालो ई सिल्वा ह्यांनी स्वतःच्या नावाने सही केली आणि तिचे परिणाम भोगले. सुमारे पाच महिने ते आपल्या सैनिकांसह भारताच्या कैदेत होते. मायदेशी परतल्यावर त्यांचे स्वागत झाले नाही. १९६३ साली त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली, त्यानंतर त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. पुढे ते गोव्याला येऊन गेले, आणि ज्या गोव्याचे ते अखेरचे पोर्तुगीज गव्हर्नर होते त्याच गोव्याने त्यांचे आदराने स्वागत केले. हरलेल्या माणसाला जिंकलेल्यांनी असे आपुलकीने भेटल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

दुसऱ्या बाजूचीही अशीच एक सही होती. सांगलीकडील मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले, सशस्त्र लढ्यात उतरले, १९५५ साली जखमी होऊन पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ साली सुटला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. एका राजवटीची आज्ञा नाकारण्याचे मोल त्यांनी तारुण्याच्या तेरा वर्षांनी चुकविले, आणि ते दुसऱ्या कोणाच्या खात्यावर टाकले नाही.

शेवटी त्या नौकांचे काय झाले ते सांगतो. ‘अफोन्सो’ काही महिने किनाऱ्यावर रुतून होती. १९६२ साली तिला ओढत मुंबईला नेले आणि भंगारात विकले. भंगाराचे पुढे काय होते हे भिलाईकरांना सांगावयाची आवश्यकता नाही. मुरगावचे नाव मात्र समुद्रावर परतले आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘मुरगाव’ ही विनाशिका १८ डिसेंबर २०२२ रोजी, त्या लढाईच्या बरोबर एकसष्टाव्या वर्धापनदिनी, नौदलात दाखल झाली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन. ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ इंग्लंडमध्ये बांधून घ्याव्या लागल्या होत्या. ही आपल्या गोदीत बांधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दाखल झाली. तिच्यासाठी लागलेले खास जातीचे सुमारे ३०,००० टन पोलाद स्टील अथॉरिटीने पुरविले, आणि ते ज्या कारखान्यांत तयार झाले त्यांत बोकारो आणि राउरकेला ह्यांच्याबरोबर आपली भिलाई आहे. ह्या सभागृहात बसलेल्या कित्येकांचा हात त्या पत्र्यांना लागलेला असेल. समुद्र आपल्यापासून दूर आहे हे मी आरंभी म्हणालो, पण आपण लाटलेल्या पत्र्यावर आज कोणाचा तरी मुलगा पहाऱ्याला उभा आहे.

पत्रा मजबूत निघावा, ही जबाबदारी भिलाईने पार पाडली. त्या पत्र्यावर उभ्या असलेल्या मुलाला मिळणारी आज्ञा शहाणी असावी, ही जबाबदारी राज्य करणाऱ्यांची आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपणा सर्वांची आहे. आणि कधी काळी आज्ञा चुकीची निघाली, तर ती नाकारून खाली स्वतःची सही करण्याचे धैर्य ज्याच्याजवळ आहे, असा अधिकारी त्याच्या डोक्यावर असावा, एवढीच प्रार्थना आपण आजच्या दिवशी करू या. मुरगाव, दीव आणि अंजदीव येथे पडलेल्या दोन्ही बाजूंच्या खलाशांचे ह्या मुक्तिदिनी आदराने स्मरण करतो.

पन्नास वर्षे परमुलखात मराठी माणसे एकत्र ठेवण्याचे काम ह्या मंडळाने कोणाच्याही हुकुमावाचून केले आहे. ते ह्यापुढेही असेच चालो.